एक मिनिट, अप्पा

ज्यांना आयुष्यात कधी पाहिलं नाही अशा माणसांच्या आजारांना आकडे लावायचे, हे तुळसीचं पोटापाण्याचं काम. अमेरिकेत कुठल्याशा इस्पितळात कुणाला पक्षाघाताचा झटका आला, की तिथले डॉक्टर आणि नर्स त्याची तपासणी लिहीत आणि ते कागद म्हैसुरात तिच्या लॅपटॉपवर येऊन पडत. तोवर माणूस एकतर घरी गेलेला असे, नाहीतर वर. तिने वाचायचं आणि विम्याच्या बिलासाठी आजाराचा कोड लावायचा. धंद्याचा नियम एकच: लिहिलं नाही ते झालं नाही.

झटका किती जबर, ते शून्य ते बेचाळीस अशा आकड्यांत मोजतात. डोळे मिट म्हटलं तर मिटतो का, हात उचलून दहा आकडे होईपर्यंत धरतो का, बोलतो का. ही तपासणी तुळसीला तोंडपाठ होती. गेले चार महिने ती रोज चार वाजता आतल्या खोलीत जाऊन आपल्या बापाची करत असे. मेटगळ्ळीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून राबलेले नागोजीराव खाटेवर पडून तिच्याकडे बघत राहायचे. वहीत ती लिहायची: उजवा हात, चार. म्हणजे हालचाल नाही. वाचा, तीन. म्हणजे एक शब्दही नाही. बेरीज एकवीस.

चारच वाजता, कारण झटका आला तो चारला. तुळसी कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. स्वयंपाकघरातून अप्पांची कानडी मिसळलेल्या मराठीतली हाक आली, "मगळे, बा गे...", म्हणजे लेकी, ये गं. पुढचे शब्द कानात शिरलेच नाहीत. "एक मिनिट, अप्पा," ती म्हणाली. ते एक मिनिट वीस मिनिटांचं झालं. उठून पाहते तो अप्पा फरशीवर आडवे.

त्यांनी मदतीसाठी हाक मारली होती का? हा एकच प्रश्न तिला खात होता. लगेच उठली असती तर? ती अप्पांबरोबर इस्पितळात असताना शेजारच्या कमलाक्षीअक्कांनी स्वयंपाकघर धुऊन लख्ख केलं होतं. ओट्यावर काय होतं, काय नव्हतं, हे त्यांनाही आठवत नव्हतं. सांगणारा एकटाच होता, आणि त्याची वाचा गेलेली. त्या दिवसापासून घरात कॉफी झाली नव्हती. पितळी फिल्टर फळीवर पालथा पडून होता.

गुरुवारी तिला एक केस आली. पुरुष, वय अठ्ठ्याहत्तर, बेरीज एकवीस. तिने रकाने वाचले. हात, पाय, चेहरा, नजर, सगळे आकडे अप्पांचेच. असतात अशी माणसं, तिने मनाला समजावलं. पण डॉक्टरांनी "एक शब्दही नाही" असं लिहिलं होतं, आणि खाली नर्सची नोंद होती: रुग्ण काही शब्द बोलतो, भाषा अनोळखी, ऐकू आलं तसं लिहिलं आहे. पुढे इंग्रजी अक्षरांत होतं, मगळे, बा गे.

तुळसीने ती ओळ पुन्हा वाचली.

तिचा वरिष्ठ मिलिंद नाशिकचा, कामाला पक्का. त्याचा फोन आला. "तुळसी, एका केसवर किती वेळ? अडलंय कुठे?"

"डॉक्टर लिहितात एक शब्दही नाही, आणि नर्स लिहिते अनोळखी भाषेत बोलतो, सर."

"मग त्यांना लेखी विचार. पण प्रश्नातच उत्तर सुचवायचं नाही, माहितीये ना? भाषा कुठली आहे काही कळतंय का?"

"नाही सर," ती म्हणाली. मिलिंदशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

तिने नियमाला धरून विचारलं: रुग्णाने उच्चारलेले शब्द कृपया पूर्ण नोंदवावेत. अशा प्रश्नाला दोन दिवसांनी उत्तर आलं तरी नशीब. तेवढ्यात चार वाजले. ती आत गेली, अप्पांचा उजवा हात उचलून सोडला. तो गादीवर पडला. वहीत चार लिहून ती परत आली, तर उत्तर आलेलं होतं.

*रुग्ण कुणाला तरी हाक मारतो. मग थांबतो, पलीकडून कुणी उत्तर दिल्यासारखा. मग हसतो. पूर्ण शब्द असे: मगळे, बा गे, कापी निवतीय.*

कॉफी निवतेय.

मदत नव्हती मागितली. लेकीसाठी कॉफी केली होती, आणि तिचं "एक मिनिट, अप्पा" ऐकून ते हसले होते. तुळसी टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. चार महिन्यांचं ओझं उतरलं. किती गोड माणूस, आणि मी काय काय मनात धरून बसले होते!

रडू ओसरलं तेव्हा तिला वास आला.

ती स्वयंपाकघरात गेली. गॅसची शेगडी कोरडी, थंड. फळीवर फिल्टर नव्हता.

तो ओट्यावर होता. शेजारी दोन पेले. एक अर्धा प्यालेला. दुसरा भरलेला, निवू नये म्हणून वर वाटी झाकलेली.

तिने वाटी काढली. वाफ आली.

"आले, अप्पा," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्याच ती कॉफी प्याली. साखर दीड चमचा. तिला लागते तेवढीच.

मग ती आत गेली. अप्पा शांत झोपले होते. उशाशी वही उघडीच होती: उजवा हात, चार.

तिने तो हात हातात घेतला आणि हलकेच उलटा केला.

तळव्यावर कढत पेल्याच्या बुडाचा गोल, लाल, ताजा चट्टा होता.