डाव्या दाराचा आरसा

ही घटना खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडली. नवऱ्याचा विश्वास बसणार नाही, म्हणून त्यांना अजून सांगितलेली नाही. तुम्हाला सांगते.

अमावस्या, मध्यरात्र, स्मशान... यातलं काहीही नव्हतं. थायलंडमध्ये, नाखोन सावन शहराच्या बाहेर कालव्याकाठी आमचं गाव. सोंगक्रान, म्हणजे आमच्या नववर्षाचा पाण्याचा सण, तोंडावर आलेला. भर दुपारचं ऊन.

आमचे हे, प्रयून, सासऱ्यांची जुनी डॅटसन गाडी दुरुस्त करत होते. इंजिन झालं, रंग झाला, सीटांना नवी कव्हरं चढली. एवढी काळजी माझ्या गुडघ्यांची घेतली असती तर मी आज पळत असते.

अडलं होतं एका आरशावर. डाव्या दाराच्या. त्या काळी डावा आरसा फक्त हौशी लोक बसवून घ्यायचे. बँकॉकमधल्या जुन्या सामानाच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, पण उजवेच मिळाले. आणि यांची मान डावीकडे वळत नाही. त्यामुळे प्रत्येक वळणावर मला प्रश्न.

"डावीकडं बघ गं, कुणी आहे का?"

"कुणी नाही. घ्या वळवून."

आमचा संसार असाच चाललाय.

मग एक दिवस सुदा आली. सुदा म्हणजे थावोनची बायको. थावोन यांचा लहानपणापासूनचा मित्र, भाताच्या गिरणीचा मालक. सणाआधी आमच्याकडे घरातली अडगळ बाहेर काढतात. तिनं एक गाठोडं पुढं केलं.

"घ्या वहिनी. ह्यांनी कोंड्याच्या पोत्यांखाली दडवलं होतं. मला वाटलं, सोनं आहे!"

फडक्यात गुंडाळलेला, पालथा ठेवलेला...

डाव्या दाराचा आरसा. डॅटसनचा.

कधीकाळी थावोनकडंही अशीच गाडी होती. आरशाचा दांडा मागं वाकला होता, पण काच शाबूत होती. ह्यांनी दांडा ठोकून सरळ केला आणि लहान मुलासारखे टाळ्या वाजवत नाचले.

आमच्याकडे प्रत्येक गाडीत तिची देवी राहते. मे या नांग. जुन्या गाडीचा भाग बसवला की हार बांधायचा, उदबत्ती लावायची, 'सांभाळ' म्हणायचं आणि गप्प बसायचं. मला मेलीला गप्प बसता येत नाही. पाहुणीशी बोलावं तशी मी बोलले.

"परक्या घरी आलात, संकोच करू नका. तुम्हाला जिथं जायचं असेल, तिथं नेऊ."

वारा अजिबात नव्हता. तरी धूर सरळ आरशाकडे गेला... आणि काचेवर दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालो. रस्ता तापून पांढरा पडलेला. मी सहज आरशात पाहिलं...

आरशात पाऊस पडत होता.

मागं वळून पाहिलं. ऊन.

पुन्हा आरशात. पाऊस. आणि लांबवर, रस्त्याच्या कडेनं, कुणीतरी चालत येत होतं.

मग आवाज येऊ लागला. चट्... आणि नुसतं ओलं पाऊल. चट्... आणि नुसतं ओलं पाऊल.

एकाच पायात चप्पल होती.

मला एकच बाई आठवली.

माझी नणंद, लमदुआन, बांबूच्या नळीत भाजलेला भात विकायची. एका पावसाळी संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यावर तिला गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही. ती पहाटेपर्यंत जिवंत होती म्हणे. एक चप्पल सापडली, दुसरी कधीच नाही. हे अजूनही जेवताना मध्येच थांबतात आणि विचारतात, "कोण असेल गं?"

बाजारातून परतलो, त्याच संध्याकाळी थावोन आमच्याकडे आला. गाडी पाहून जागीच थबकला.

"हा... कुठून आणलास?"

"तुझ्याच बायकोनं दिला! मित्रापासून लपवतोस होय रे, चोरा?"

थावोन हसला नाही. "काढ तो. मी तुला बँकॉकहून नवा आणून देतो."

"जिवात जीव आलाय माझ्या, आणि काढू? ऊन लागलंय तुला."

जाताना त्यानं गाडीला उजवीकडून लांबचा वळसा घातला. आरशासमोर आला नाही.

मग मी आठवत बसले. त्यानं आपली डॅटसन कधी विकली?

लमदुआन गेली, त्याच पावसाळ्यात.

तिच्या अंत्यविधीत भिक्खूंना जेवण त्यानंच घातलं होतं. शवपेटीला खांदाही दिला होता. ह्यांच्या गळ्यात पडून रडला होता.

सोंगक्रान आला. थावोनच्या म्हाताऱ्या आईच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घ्यायला आम्ही दर वर्षी गिरणीवर जातो. त्याही वर्षी निघालो. गावभर बादल्या, पिचकाऱ्या, ओली पोरं.

आरशातली बाई आता मागच्या दाराच्या काचेआड, आत बसलेली होती. ओले केस. खांद्याला टोपली.

तिनं मान वर केली.

लमदुआनच.

गिरणीचं फाटक आलं. कानाशी गार वाऱ्यासारखा आवाज...

"वहिनी... इथं थांबवा."

मी यांच्या दंडावर हात ठेवला. "अहो, थांबवा जरा."

गाडी थांबली. मागचं दार उघडलं... आणि हलकेच मिटलं.

"कडी नीट बसली नव्हती वाटतं," हे म्हणाले.

आरशात लख्ख ऊन. रस्ता रिकामा.

गिरणीत थावोन होता. मी ओरडून सावध करू शकले असते.

नाही ओरडले. मांडीवरची फुलं सारखी करत बसले.

कोंड्याच्या खोलीत तो खुर्चीवर बसलेला सापडला. डोळे उघडे. नखशिखान्त भिजलेला. त्या दिवशी सगळेच भिजलेले असतात, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. पण सोंगक्रानच्या पाण्याला फुलांचा वास असतो. याच्या अंगाला चिखलाचा होता. अंग बर्फासारखं गार.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

त्याच्या डाव्या पायात बायकी चप्पल रुतून बसली होती. बोटं आणि टाच बाहेर आलेली, इतकी लहान. कुणालाच काढता आली नाही. तशीच चितेवर गेली.

हे ढसाढसा रडले. "माझ्या बहिणीला खांदा दिला होता गं त्यानं." मी त्यांची पाठ थोपटत राहिले. 

वाटलं, संपलं. लमदुआनला जे हवं होतं ते मिळालं. खरं सांगू? मलाही बरं वाटलं.

पण गेल्या आठवड्यात आरशात पुन्हा पाऊस सुरू झालाय.

या वेळी पुरुष आहे. एका पायात आखूड चप्पल. लंगडत येतो. यांच्याकडे बघतही नाही... माझ्याकडे बघतो. तिला दारापर्यंत कुणी आणलं, ते त्याला ठाऊक आहे.

आरसा काढा म्हटलं, तर हे रुसतात. "एवढ्या मुश्किलीनं मिळालाय. थावोनची शेवटची आठवण आहे ती."

काल तो मागच्या दाराशी पोचला होता. कडीवर बोटं होती.

कालव्याचं वळण आलं. ह्यांनी वेग कमी केला.

"डावीकडं बघ गं, कुणी आहे का?"

मी आरशात पाहिलं.

"कुणी नाही," म्हटलं. "घ्या वळवून... लवकर घ्या."