हात काढा

रुडॉल्फ, दार लोटून घे, पण कडी नको लावू. ज्याला यायचं असतं तो कडीला विचारून येत नाही. हसू नका रे, ही थाप नव्हे. हरिश्चंद्र डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलेली गोष्ट आहे, आणि त्या माणसाला बायकोपाशीसुद्धा धड खोटं बोलता येत नाही.

एकोणऐंशी साल. राखेच्या बुधवारची रात्र, कपाळाला राख लावून उपास धरायचा आपला दिवस. डॉक्टर मुंबईहून कार्डिओग्रामचं मशीन दुरुस्त करून आणत होते. दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण, म्हणून वाटेत पापडी गावात सॅन्टनच्या वाडीत केळीचे खुंट घ्यायला थांबले. सॅन्टन त्यांचा शाळेतला सोबती. त्याची बायको सेलिन दोन वर्षांपूर्वी काविळीने गेलेली. घरात तो आणि एकुलती एक मुलगी ग्रेसी, जेमतेम अठरा वर्षांची.

साडेनऊ झाले होते. सॅन्टन खाटेवर पडलेला. कपाळावरची राख घामाने नाकापर्यंत ओघळली होती.

"वायू धरलाय, हरी," तो म्हणाला. "उपास होता ना. सोडा घेतला. जाईल."

"दुपारपासून असंच चाललंय, डॉक्टर," ग्रेसी म्हणाली. "दोनदा उलटी झाली. मी ओवा दिला."

आता मला सांगा, उपासाच्या दिवशी पोटात दुखलं तर आपल्याकडे कोणाच्या बापाला काळजाचा संशय येतो? डॉक्टरांना आला. नाडी जेमतेम लागत होती. हार्ट अटॅक असेल तर एक पाऊलही चालू द्यायचं नाही, पेथिडिन टोचून लगेच मुंबई गाठायची. पण पोटातला अल्सर फुटला असेल तर तेच इंजेक्शन दुखणं झाकून टाकणार, आणि माणूस हातचा जाणार. खात्री करून घ्यायलाच हवी होती.

स्कूटरवरून मशीन उतरवलं. हातापायांना पट्ट्या बांधल्या. कागद सरकू लागला. पण रेघ नुसती थरथरत होती, काही म्हणता काही वाचता येईना. पेशंटला कोणी शिवलेलं असलं की असं होतं.

"ग्रेसी, हात काढ."

"मी दाराशी उभी हाय, डॉक्टर."

पंखा बंद केला. पट्ट्या पुन्हा बांधल्या. तीच थरथर. मग त्याच पट्ट्या ग्रेसीला बांधून पाहिल्या. रेघ स्वच्छ. मशीन ठणठणीत होतं. परत सॅन्टनला बांधल्या...

थरथर.

सॅन्टनचा डावा हात भिंतीच्या बाजूला होता. पंजा अर्धवट मिटलेला.

"सॅन्टन, हात सैल सोड."

"मी नाय धरला," तो पुटपुटला. "सेलिनने धरलाय."

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. खाट भिंतीला टेकलेली होती. मध्ये मांजर उभं राहायलाही जागा नव्हती.

ग्रेसी पांढरीफटक पडली. आई न्यायला आली, दुसरं काय समजणार पोर? गुडघ्यांवर बसली. हात जोडले.

"आये, पप्पांना नको नेऊ. मला दुसरं कोण हाय? सोड त्यांना. डॉक्टरांना बघू दे."

काही नाही... काही नाही...

मग पंजा हळूच उघडला.

रेघ स्वच्छ झाली, आणि डॉक्टरांनी ती वाचली. लाट वर चढली ती खाली उतरायचं नाव घेईना. ओळीने थडगी मांडावीत तशी. फार मोठा अटॅक. काळजाची पुढची अख्खी बाजू.

ते सुई भरायला वळले. मागे मशीन वेडंवाकडं खरखरलं. मग...

रेघ आडवी.

डोळे उघडे. श्वास नाही. डॉक्टरांनी छातीवर मूठ हाणली. पुन्हा हाणली. छाती दाबू लागले. रेघ आडवीच.

दाबताहेत... दाबताहेत...

तेव्हा ग्रेसीला कळलं. किंचाळलीच ती.

"आये, धर! धर त्यांना!"

पंजा मिटला.

रेघ थरथरली. त्या थरथरीत एक ठोका... दुसरा...

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. शेजारच्या फुलांच्या टेम्पोत गादी टाकली, सॅन्टनला आडवाच उचलला आणि मुंबईला नेला. वाटभर त्याच्या डाव्या बाजूला कोणी बसलं नाही. ग्रेसीने ती जागा मोकळी ठेवली.

सॅन्टन वाचला. सहा वर्षं झाली, वाडीत राबतोय. डॉक्टर म्हणतात, छाती दाबल्याने काळीज चालू झालं. झालंही असेल.

पण उन्हात काम करून सॅन्टन कोळशासारखा झालाय, आणि त्याच्या डाव्या पंजाच्या पाठीवर चार पांढरे पट्टे आहेत, बोटांएवढे, एकाला लागून एक. त्यांच्यावर उन्हाचा रंग चढत नाही. मी जवळून पाहिलेत. तिसऱ्या पट्ट्यावर एक बारीक आडवी रेघ आहे, लग्नाच्या अंगठीएवढी.