रेशमाला पिन नको

मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. ऐकीव नाही हं, माझ्या सख्ख्या थोरल्या वहिनीच्या बाबतीत घडलंय. चार वर्षांपूर्वी, गुरुवारी, चौदा तारखेला, रात्री पावणेदहाला.

वहिनी लोकांना साड्या नेसवायला जायची. दादा गेल्यापासून घरात एकटीच, त्यामुळे कुणी बोलावलं की वेळ बघायची नाही. त्या रात्री फोन आला एका म्हाताऱ्या बाईंचा. "मुलगा पहाटे येतोय गं, सात वर्षांनी. मनगट मोडल्यापासून मला साडी नेसता येत नाही. त्याने मला या विटक्या गाऊनमध्ये बघू नये. येशील?"

वहिनी गेली. तिसरा मजला, दार नुसतं लोटलेलं. बाई खुर्चीत बसल्या होत्या. पलंगावर मलमलीत गुंडाळलेली साडी. वहिनीने तिची उलटी बाजू पाहिली आणि बघतच राहिली. हातमागाचं रेशीम, काठाची वेलबुट्टी उलटीकडूनही तितकीच नेटकी, एक धागा लोंबत नव्हता.

"आज्जी, असं काम हल्ली बघायलाही मिळत नाही."

"पिन लावू नकोस हं. रेशमाला भोक पडलं की पडलं."

"पिनांशिवाय? परीक्षाच घेताय की माझी!"

बाई हसत उठून उभ्या राहिल्या. "घे सावकाश. सहा महिन्यांत मला हात लावणारं तूच पहिलं माणूस."

वहिनीला गलबलून आलं. तिला तरी कोण हात लावत होतं!

पदर लागला. निऱ्या झाल्या, सातही एकसारख्या. पिन नाही म्हणजे निऱ्या घट्ट खोचायला हव्यात. वहिनी गुडघ्यांवर बसली आणि रोजच्या सवयीने म्हणाली, "पोट आत घ्या, आज्जी."

पोट हललं नाही.

"श्वास घ्या जरा."

काही नाही.

वहिनीने पोटावर हात ठेवला. गार. भिंतीवरचं घड्याळ तेवढं ऐकू येत होतं. हाताखाली... वर नाही. खाली नाही.

मान वर करून बघायची तिची छाती होईना.

"कळलं ना तुला?" वरून आवाज आला. अगदी हळू. "अर्धवट सोडून जाऊ नकोस गं... तो येतोय."

दार चार पावलांवर होतं. पण... तशीच सोडायची? लेकाने असं बघायचं?

वहिनीने डोळे मिटले. निऱ्या खोचल्या. पदर सारखा केला. बाईंना धरून खुर्चीत बसवलं. आणि मग जी धूम ठोकली...

सकाळी मुलाचा फोन आला. आईच्या मोबाइलमध्ये शेवटचा नंबर वहिनीचाच होता. आई खुर्चीतच गेली होती. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस तरी झाले असतील. मुलगा रडत होता. "आई इतकी छान दिसत होती हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. पुढे ती साडी त्याने वहिनीलाच दिली.

नेसलेल्या रेशमाची लगेच घडी घालायची नसते. आधी सावलीत पसरायचं, अंगाची ऊब जाऊ द्यायची. वहिनीने साडी आतल्या खोलीत दोरीवर टाकली. ऊब गेली का, ते रोज सकाळी हात लावून बघते.

चार वर्षं झाली. अजून तिने घडी घातलेली नाही.