गुलाम हुसेन यांचे डोळे

माझे संपूर्ण नाव तुळशीराम बाळाराम केणे, वय चौऱ्याहत्तर, राहणार वळ, तालुका भिवंडी. शाळा चौथीपर्यंत, पुढचे सारे वाचून मिळवले. भिवंडीत गुलाम हुसेन यांच्या स्टुडिओत तीस वर्षे मी मृतांच्या छायाचित्रांत उघडे डोळे रंगवत असे. भिंतीवरचा माणूस आपल्याकडे पाहणारा हवा, असा घरच्यांचा आग्रह असे.

गुलाम हुसेन यांची स्वतःची छायाचित्रे मात्र निराळी, स्वप्नातल्यासारखी. खाडीच्या पाण्यावर निजलेला विणकर, यंत्रमागावर उगवलेले भात. आणि प्रत्येक माणसाचे डोळे मिटलेले. "उघडा डोळा फक्त कॅमेरा बघतो, तुळशीराम," असे ते म्हणत. बाजार त्यांना 'झोपाळूंचा फोटोग्राफर' म्हणून हसे. १९८७ साली ते वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा एकमेव फोटो मी मृत्यूनंतर काढला. त्यावर डोळे रंगवणार नाही, असा शब्दही दिला होता.

त्यांची कन्या हबीबा हिने ती छायाचित्रे एका कलाशिक्षकास दाखवली आणि त्याचे विद्यार्थी तशीच छायाचित्रे काढू लागले. १९९५ मध्ये मुंबईत प्रदर्शन ठरले. दाराशी लावण्यास गुलाम हुसेन यांचा फोटो हवा होता. आपल्याला हसलेल्या जगाकडे त्यांनी एकदा ताठ पाहावे, या अभिमानापोटी मी प्रत काढून डोळे रंगवले.

हबीबाने ती उलटी ठेवली. "चाचा, अब्बांना दिलेला शब्द मोडलात. हा फोटो मी लावणार नाही. छायाचित्रांचा टेम्पो तर उद्या सकाळीच मुंबईला निघतोय."

मी खजील होऊन मिटल्या डोळ्यांची नवी प्रत काढायला डार्करूममध्ये गेलो, तीही आली. शुक्रवारची दुपार, माग बंद. गाव श्वास रोखल्यासारखे निःशब्द. तांबडा दिवा, रसायनांचा आंबूस वास. द्रावणातल्या कोऱ्या कागदावर प्रथम दाढी उमटली, मग कपाळ, मग डोळे...

उघडे. रोखलेले माझ्या उजव्या खांद्यापलीकडे.

"हबीबा... माझ्या मागे तूच आहेस ना?"

"नाही चाचा... मी तुमच्या समोर आहे."

मी निगेटिव्ह दिव्यापुढे धरली. तीत पापण्या मिटलेल्याच होत्या.

हबीबाने ओली प्रत उचलून दोरीवर टांगली आणि म्हणाली, "त्यांनी स्वतः उघडलेत, तर असू द्या." दाराशी तीच प्रत लागली. आज दूरदूरचे छायाचित्रकार त्यांना गुरू मानतात. त्या निगेटिव्हवरून जो प्रत काढतो, तो मला पत्र लिहून एकच गोष्ट विचारतो : "ते माझ्या मागे काय पाहत आहेत?"

त्या शुक्रवारपासून मी कोणाही मृताचे डोळे रंगवलेले नाहीत, आणि वाचायला बसतो तो भिंतीला पाठ लावून.