विचार करून राहिली

निनाद मला पहिल्यांदा भेटला तो चुकीच्या बांधावर. त्या वर्षी नांदगाव खंडेश्वरकडे सर्व्हेवाल्यांच्या जीपा एकामागून एक यायच्या. कपाशीची पानं लाल पाडणारा लाल्या रोग तपासायला पुण्याहून आलेला हा मुलगा शेजारच्या पुंजाजीकाकांचं शेत समजून आमच्या शेतात शिरला.

"अजून एक सर्व्हे आला का बे?" बाबा ओरडले.

तो पानांपेक्षा लाल झाला. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि त्याला इथली माहितगार मदतनीस हवी होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं ओळींमधून फिरू लागलो.

"हे पान लाल धरायचं?" त्यानं विचारलं.

"लाल म्हणजे किती लाल, ते पहिले ठरवा."

"हे कुठे शिकलात?"

"नववीत. संत्र्याच्या पानांचा प्रोजेक्ट होता. मी 'मोठी पानं' मोजून नेली, तर सुभद्रा मॅडमनं सगळं परत केलं. म्हणाल्या, मोठं म्हणजे काय? अपेक्षा, आधी शब्द ठरव, मग मोज."

"मग... 'चांगला मुलगा' म्हणजे काय?"

"नमुना एकच आहे," मी पानाकडेच बघत म्हणाले, "सांगता येत नाही."

काम संपलं. त्याला सोडायला मी अमरावतीच्या स्टँडवर गेले. पाऊस भुरभुरत होता. त्यानं आपली फाईल माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिला.

"पुण्यात एम.एस्सी.चे प्रवेश सुरू होताहेत," तो म्हणाला. "येशील? म्हणजे... फक्त एम.एस्सी.साठी असं नाही..."

माझे कान तापले. डोळ्यांपुढे लाल पडलेलं शेत आलं, एकटे बाबा आले... आणि हा, निथळणारा.

"विचार करून राहिली मी."

त्याचा चेहरा उतरला. "बरं. तुझा निर्णय मान्य आहे." तो बॅग उचलून चालू लागला.

कुठला निर्णय? रागावला? की सुटला एकदाचा? निरीक्षण एकच होतं आणि अर्थ तीन-तीन निघत होते. मी तशीच उभी... आणि एकदम सुभद्रा मॅडम आठवल्या. मी धावले.

"मी काय बोलली, ते सांगा बरं!"

तो बसच्या पायरीवर थांबला. "विचार केलास... आणि इथेच राहिलीस."

"अहो, आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवण चालू आहे! विचार चालू आहे माझा!"

"म्हणजे 'नाही' नाही?"

"'हो' पण नाही अजून."

"मॅडम, चढून राहिल्या का?" कंडक्टरनं विचारलं.

निनाद इतका हसला की बस सुटेपर्यंत त्याला धड निरोपही घेता आला नाही.

मी मात्र घरी येऊन गोंधळातच. भाजीत दोनदा मीठ पडल्यावर बाबांनी ताट सरकवलं, तेव्हा मी पुण्याचं सांगून टाकलं.

"शिकाले जाते म्हनते, का त्या सर्व्हेवाल्यासाठी?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"जाय," ते म्हणाले. "कपाशी मी पाहतो."

एसटीडी बूथमधून निनादला फोन लावला.

"मी येऊन राहिली," मी म्हणाले.

पलीकडून हळूच आलं, "येते आहेस... की येऊन राहणार आहेस? आधी शब्द ठरव."

मी वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"हा एक शब्द," मी म्हटलं, "राहू द्या तसाच."