एकशे त्रेचाळिसावा फोटो

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. भवानी पेठेतल्या आमच्या लॅबमध्ये दिवसाला साठ जणांचं रक्त तपासायचं, तिथं घाबरायला सवड कुणाला? पण त्या मे महिन्यातली दुपार सांगते, ऐका.

सात वर्षांच्या सनाला बारा दिवस ताप होता. डॉक्टरांना हिवतापाचा संशय होता, पण दोनदा तपासूनही रक्तात जंतू सापडला नव्हता. पोरगी आता डोळेही उघडत नव्हती. तिची आई गुलबानो आमच्या बाकावर बसून होती.

"शिवानीताई, नीट बघा की. लई आशेनं आलेय."

मी सनाच्या रक्ताच्या काचेचे सूक्ष्मदर्शकातून दोनशे फोटो काढून लॅपटॉपवरच्या प्रोग्रामला दिले. प्रोग्राम फुकटचा, कुणीही उघडून त्यात भर घालावी असा. आमच्या लॅबचे जुने तंत्रज्ञ बसलिंगप्पा यांनी ती घातली होती: संशयास्पद पेशी दिसली की पिवळा ठिपका. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते वारल्यावर मी त्यांच्याच जागी लागले. त्यांची तपकिरीची डबी मात्र अजून खणात होती.

एकही ठिपका आला नाही. मला रडूच येत होतं.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, शेजारचे यंत्रमागही गप्प झाले. त्या शांततेत काचेवर पेन्सिल ओढल्यासारखी किरकिर ऐकू आली... मग तपकिरीचा वास. बंद खणातून इतका?

पडद्यावर एकशे त्रेचाळिसावा फोटो आपोआप उघडला होता. कोपऱ्यातल्या पेशीभोवती वर्तुळ... कापऱ्या हातानं काढलेलं. प्रोग्रामला वर्तुळ काढताच येत नव्हतं.

"काय झालं, ताई?" गुलबानो कुजबुजली.

"थांबा... बोलू नका."

वीज आली तशी मी तीच जागा सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लाल पेशीत जांभळी, बारीक अंगठी. हिवतापाचा जंतू, अगदी पुस्तकात असतो तसा.

डॉक्टरांनी स्वतः पाहिलं आणि तासाभरात औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी सना लॅबमध्ये चालत आली आणि आल्या आल्या तिनं माझं पेन पळवलं. गुलबानोनं सगळ्यांना पेढे वाटले. आम्ही जिंकलो होतो, आणि मी दिवसभर उगाच हसत होते.

ते वर्तुळ आलं कुठून, म्हणून मी प्रोग्रामचा कोड उघडला. तळाशी एक नवी ओळ होती, त्याच दुपारची. नाव बसलिंगप्पांचं, आणि लिहिलं होतं:

"घावलं न्हवं? आता म्होरची काच आण की, शिवानी."

मी पुढची काच आणली.