चार हजार लिटरची गळती

लोहितनगरच्या जलप्रयोगशाळेत उत्तरा सबनीस काडेपेटीएवढा स्पंदनोंदक उघडून बसली होती आणि सकाळपासून पाण्याला शिवली नव्हती.

मंगळावरच्या या वसाहतीत पाण्याचा थेंब न् थेंब मोजला जाई. वाहत्या पाण्यानं नळीतलं चक्र फिरे, चक्रावरचं चुंबक एका विजेच्या कळीपुढून गेलं की नोंदकात एक स्पंद उमटे. एक स्पंद म्हणजे एक लिटर. आता आकडा रोज एकच येत होता: टाकीतून निघालं चव्वेचाळीस हजार, घरांत पोचलं चाळीस.

नळीभोवतीची माती खणून झाली. ती ठणठणीत कोरडी. मग संचालक दिवाडकरांनी चौथ्या गल्लीवर चोरीचा ठपका ठेवला आणि शिक्षा म्हणून पंप रात्रीबरोबर दिवसाही तीनदा बंद ठेवायला लावला. तीन हजारांची गळती चार हजारांवर गेली. चोर सोकावलेत, असं दिवाडकर म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची त्यांची हौस जुनीच.

आज त्या गल्लीचं पाणीच तोडायचं होतं. तिथला नळकारागीर हणमंत शेलार उत्तरासमोर बसला होता. त्याची मुलगी महिनाभर जुलाबांनी अंथरुणाला खिळली होती.

"म्याडम, एवढं पाणी चोरून ठेवणार कुठं आम्ही?"

"पाणी चोरीला गेलंच नाही, शेलार."

दिवाडकर पाण्याचा पेला घेऊन आत आले. "मग गेलं कुठे?"

"सर, स्पंदाला दिशा नसते. चक्र उलटं फिरलं तरी नोंदक एक लिटरच मोजतो. पंप थांबला की पाणी टाकीकडे मागे येतं, तेही आपण गेलेलंच धरलं. काल मी दोन कळींचा नोंदक बसवला. कोणती कळ आधी लागली यावरून दिशा समजते. गेलं चाळीस, मागे आलं चार. खरं निघालं छत्तीस हजार."

"आणि घरांत पोचलं?"

"चाळीस."

दिवाडकर हसले. "म्हणजे चार हजार जास्त? आभाळातून पडले काय?" त्यांनी मोठा घोट घेतला.

शेलारचा चेहरा उतरला. नळ्यांचे सांधे त्यानेच जोडले होते. "साहेब, गोठू नये म्हणून प्यायची नळी आपण मैल्याच्या नळीला खेटून नेलीय. मैला ऊबदार असतो ना. दोन्हीकडचे सांधे झिजलेत. पंप चालू असला की दाबानं सांधा गच्च बसतो, पण पाणी मागं सरकलं की नळी ओढून घेती, शेजारी असंल ते."

उत्तरानं सांडपाणी विभागाची नोंदवही पुढे सरकवली. रोज चार हजार लिटर मैला कमी येत होता. त्या काटकसरीबद्दल दिवाडकरांनी विभागाला मानपत्र दिलं होतं. पंप जितका बंद ठेवावा, तितकी घाण आत. शेलारच्या मुलीला ही शिक्षा पेल्यापेल्यानं पाजली होती. उत्तराला पाण्याची किळस आलीच, पण त्याहून जास्त दिवाडकरांची आली.

तोंडातला घोट तसाच धरून दिवाडकर बेसिनकडे धावले आणि थुंकले.

"थुंका, सर," उत्तरा म्हणाली. "बेसिनही त्याच मैल्याच्या नळीला जोडलंय. उद्या परत येईल."